टाकीखालचा पलंग

६ मार्च

वर काय लिहावं हे ठरेना, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. आधी 'चि. सूनबाईस' असं लिहिलं होतं. मग वाटलं, तुला ते खटकलं तर पुढचं वाचणारच नाहीस. तो कागद फाडला.

फोन केला नाही. "बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, विचारायचं असेल ते लिहून विचारा," असं तू म्हणाली होतीस. ते माझ्या लक्षात आहे. म्हणून लिहून विचारतो.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. वयस्कर आहेत, शाळा माझ्याइतकीच, सातवीपर्यंत. त्यांना एका गोल टाकीत पाणी किती मावतं ते काढायचं आहे. गोल म्हणजे चेंडूसारखी नव्हे, उभ्या नळकांड्यासारखी. टाकी जुनी आहे, कापड रंगवायच्या कारखान्यातून मोडीत निघालेली, त्यामुळे तिच्यावर आकडा वगैरे काही नाही. ते मला म्हणाले, तुमची सून गणित शिकवते ना, मग तिला विचारा की. मी म्हटलं, बघतो.

तू म्हणशील, बादल्या ओतून मोजा. ते जमणार नाही. टाकी गच्चीवर आहे आणि त्यांचे गुडघे धरलेले असतात. शिवाय मालकांना कोणी गच्चीवर रेंगाळलेलं चालत नाही. कशाला हवंय, ते मी त्यांना विचारलं नाही. उगाच कशाला खोदून विचारायचं.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या सासूबाई ठीक आहेत. दिवसभर खिडकीशी असतात, रस्ता बघतात. गुंडी आता किती उंच झाली? मी आणलेली बटणं दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची, तेव्हा तिची हनुवटी आमच्या टेबलाला लागत होती. पत्र आलं होतं हे तिला सांगितलं नाहीस तरी चालेल.

उत्तराची घाई नाही. म्हणजे, फार उशीरही करू नकोस.

तुझ्या सासऱ्यांकडून


१९ मार्च

चि. सूनबाईस,

या वेळी शाईनं लिहिलं आहे, त्यामुळे आता खोडता येणार नाही.

तुझं कार्ड पोचलं. ना नमस्कार, ना खुशाली, नुसतं सूत्र. घनफळ = π × त्रिज्या² × उंची. खाली बारीक अक्षरात, π म्हणजे ३.१४, त्रिज्या म्हणजे रुंदीच्या निम्मी, सगळी मापं सेंटीमीटरमध्ये घ्या. मला वाईट वाटलं नाही. मी सूत्र मागितलं, तू सूत्र दिलंस. कार्ड हिला दाखवलं, तर हिनं ते उलटून बघितलं आणि म्हणाली, "मागं काहीच नाही का हो?"

आता खरं सांगून टाकतो. ओळखीचे गृहस्थ वगैरे कोणी नाहीत. टाकी आमच्याच गच्चीवर आहे, आमच्या झोपायच्या खोलीच्या नेमकी वर. तू हे कधीच ओळखलं असशील. गृहपाठ घरी विसरलो म्हणणारी पोरं तू रोज बघतेस.

झालं असं. गच्चीवर एक मीटर रुंदीच्या दोन टाक्या होत्या, तुला आठवत असतील. त्या गंजल्या होत्या. मालकांनी तळमजला लाँड्रीला भाड्यानं दिला, म्हणून त्या दोन्ही टाक्या काढल्या आणि त्यांच्या जागी ही रंगाची टाकी आणून बसवली. दोन मीटर रुंद. दोरखंड लावून माणसं ती ओढत होती, तेव्हा आमच्या कपाटातल्या बरण्या किणकिणत होत्या. मी जिन्यात मालकांना विचारलं, "छताला पेलेल ना हो?"

"धास्तीकाका," मालक म्हणाले, "एक मीटरच्या दोन काढल्या, दोन मीटरची एक बसवली. उंची तेवढीच. तुमच्याकडे एक आणि एक किती होतात?"

जिन्यातले सगळे हसले. धास्तीकाका हे माझं इथलं नाव. तू होतीस तेव्हा ते पडलेलं नव्हतं. मध्ये एकदा मला गॅसचा वास आला म्हणून मी सगळ्या इमारतीला रस्त्यावर काढलं. माणसं घरच्या कपड्यांत, कोणाच्या तोंडाला साबण. आणि वास निघाला आमच्याच सिंकखाली कुजलेल्या कोबीचा. तेव्हापासून मी 'पाऊस येईल' म्हटलं तरी लोक हसतात.

म्हणून तुला त्रास दिला. आता धास्ती गेली आहे, तेच कळवायला हे पत्र. हिच्या शिवणकामाची टेप घेऊन मी दुपारी वर गेलो. उंची दीडशे सेंटीमीटर, रुंदी दोनशे. जुन्या टाक्यांचे गोल डाग अजून गच्चीवर आहेत, ते शंभर-शंभर भरले. मग तुझं सूत्र. त्रिज्येच्या खांद्यावर तो बारीक दोन बसवला आहेस ना, त्याचा अर्थ त्रिज्या दोनदा घ्यायची, हे मला लगेच कळलं. जुनी टाकी: पन्नास दुणे शंभर, गुणिले दीडशे, गुणिले ३.१४. आले सत्तेचाळीस हजार शंभर. अशा दोन टाक्या, म्हणजे चौऱ्याण्णव हजार दोनशे. नवी टाकी: शंभर दुणे दोनशे, पुढे तसंच. आले चौऱ्याण्णव हजार दोनशे. तंतोतंत! पुन्हा पुन्हा करून बघितलं, एका आकड्याचाही फरक नाही. मी खाली जाऊन मालकांनाही सांगून आलो की तुमचंच बरोबर आहे. ते म्हणाले, "बघा, गणितसुद्धा माझ्याच बाजूनं आहे."

आता मूळ मुद्दा. तुमच्या शाळेला सुट्टी लागेल. गुंडीला पाठवशील का? थोडेच दिवस. झोपायच्या खोलीत हिच्या पलंगाशेजारी तिची खाट घालतो, तिथून रस्ता छान दिसतो. तुला यायची जबरदस्ती नाही. तो इथे नाही, हे तुला माहीतच आहे. त्याचा पत्ता आमच्याकडेही नाही. त्या विषयावर मी एवढंच लिहायचं ठरवलं आहे.

खाटेला नवी पट्टी भरून घेतली आहे. घेतली म्हणजे, तू हो म्हणशील असं गृहीत धरून नव्हे. तशीही घ्यायचीच होती.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
गुंडीचा आजोबा


२ एप्रिल

चि. सूनबाईस,

तुझं पाकीट सकाळी आलं आणि तेव्हापासून माझी बोटं गार पडली आहेत. अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घे.

तू लिहिलं आहेस, "चौऱ्याण्णव हजार दोनशे घन सेंटीमीटर म्हणजे फक्त चौऱ्याण्णव लिटर. त्यात एका माणसाची आंघोळ होईल आणि चार कपडे निघतील. तुमच्या टाकीवर अख्खी इमारत आणि एक लाँड्री चालते. उत्तर बघूनच शंका यायला हवी होती." बरोबर आहे. बादली मी रोज उचलतो. पण आकडा आला की मी बादली विसरतो, आकड्यालाच नमस्कार करतो.

"वर्ग म्हणजे दुप्पट नव्हे. त्रिज्येला त्रिज्येनंच गुणायचं." आणि खाली सगळं मांडून दाखवलं आहेस. पन्नास गुणिले पन्नास. शंभर गुणिले शंभर. जुन्या दोन टाक्या मिळून दोन हजार तीनशे पंचावन्न लिटर. नवी एकटी चार हजार सातशे दहा. लिटरला एक किलो. "म्हणजे छतावर पूर्वीच्या दुप्पट पाणी आहे, लोखंडाचं वजन वेगळं. छत किती पेलेल हे सूत्र सांगत नाही, ते जाणकाराला दाखवा. तोवर त्या खोलीत झोपू नका. गुंडीला पाठवणार नाही." शेवटचं वाक्य तू वेगळ्या ओळीवर लिहिलं आहेस.

आधी वाटलं, तुझंच काही चुकलं असेल. रागावू नकोस, माणूस बुडताना काय वाट्टेल ते धरतो. मी हिचा बटणांचा डबा पलंगावर उपडा केला. कारखान्यात मी तक्त्यातून बटणांच्या चकत्या पाडायच्या मशिनवर होतो. कोटाचं बटण शर्टाच्या बटणाच्या दुप्पट रुंद असायचं. तक्त्याच्या ज्या चौकोनात कोटाची एक चकती बसायची, त्याच चौकोनात शर्टाच्या चार बसायच्या, दोन वर, दोन खाली. दोन नव्हे, चार. हे मी हयातभर बघितलं, आणि कोणी विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं. पण ते टाकीपर्यंत कधी पोचलंच नाही. टाकी म्हणजे तरी दुसरं काय, एकावर एक रचलेल्या चकत्यांची चळतच. मी कोटाच्या बटणांची एक चळत लावली. तेवढ्याच उंचीच्या शर्टाच्या बटणांच्या चळती तिच्या शेजारी मांडत गेलो. तिसरी मी लावली. चौथी हिनं लावली.

"म्हणजे मालकांनी दोन काढल्या," ही म्हणाली, "आणि चार ठेवल्या."

सूत्र समजलं, सूनबाई. आणि समजल्या क्षणापासून वर बघवत नाही. समजत नव्हतं तेव्हा निदान डोळा तरी लागत होता.

आता आणखी एक सांगायला हवं. ही खिडकीशी बसलेली असते असं मी लिहिलं होतं. बसलेली नसते. पडलेली असते. थंडीत बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ते धड जुळून आलं नाही. तुला कळवलं तर 'बोलावण्यासाठी सोंग करतात' असं तुला वाटेल, म्हणून हिनंच लिहू दिलं नाही. तिचा पलंग खिडकीशी आहे, आणि खिडकीच्या वर टाकी. स्वयंपाकघराच्या दारातून पलंग जात नाही, मी दाराची रुंदी मोजली आहे. जमिनीवर गादी घालू म्हटलं, तर खाली ठेवलेलं माणूस परत वर उचलायला इथे दुसरं कोण आहे? आणि ती म्हणते, "छत पडायचं तेव्हा पडू दे, तोवर रस्ता तरी दिसू दे की."

छताला भेग आहे. केसाएवढी. हिच्या पावलांच्या वर सुरू होते आणि खिडकीकडे जाते. टाकी आल्यावर पडली की आधीपासून होती, मला सांगता येत नाही, कारण आधी मी छताकडे बघतच नव्हतो. आज स्टुलावर चढून तिच्यावर कागदाची पट्टी आडवी चिकटवली. कारखान्यात एका भिंतीला तशी लावलेली पाहिली होती. भेग वाढली तर पट्टी फाटते.

जाणकार कुठून आणायचा, कळत नाही. उद्या मालकांकडे जातो. तुझा कागद घेऊन जातो.

घाबरलेला,
मी


७ एप्रिल

चि. सूनबाईस,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहितो आहे. दुसऱ्या कोणाला सांगणार?

मालकांनी कागद हातात घेतला, पण वाचला नाही. म्हणाले, "काका, मागं तुम्हीच येऊन म्हणालात की बरोबर आहे. आज म्हणता दुप्पट आहे. पुढच्या आठवड्यात काय, चौपट?" मी म्हटलं, मागं माझी चूक झाली होती, आता सुनेनं दुरुस्त करून पाठवलं आहे. तर म्हणाले, "कुठली सून? ती गेली ना सोडून?"

मी कागद त्यांच्या हातातून परत घेतला. बाकी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का? जिना चढताना बरीच उत्तरं सुचली. वर पोचेपर्यंत त्यातली अर्धी दमून गेली.

दुसऱ्या मजल्यावरच्यांना सांगितलं. त्यांनी नाक वर करून हुंगलं आणि विचारलं, "आज कोबी आहे की फ्लॉवर?"

लाँड्रीवाल्या बाईंना सांगायला गेलो तर मशिनच्या आवाजात त्यांना ऐकूच येईना. त्यांना वाटलं, मी पाण्याची तक्रार घेऊन आलो आहे. म्हणाल्या, "आजोबा, पाणी मला आणखी लागणार आहे, कमी नाही!"

पट्टी फाटली आहे. हे वाक्य मी मुद्दाम शेवटी लिहिलं, आधी लिहिलं असतं तर बाकीचं लिहून झालं नसतं. सकाळी बघितलं तर मधोमध फाटलेली होती. हिला सांगितलं नाही. ही म्हणाली, "मला दिसतंय हो. दिवसभर मी दुसरं काय बघते?"

आता हिच्या अंगावरचं पांघरूण नीट करायला वाकलो की माझी मान आपोआप आत जाते, कोणी मारायला हात उगारल्यासारखी. मी स्वयंपाकघरात झोपायला जाऊ शकतो, गेलो नाही. शौर्य म्हणून नव्हे. तिकडून आवाज ऐकू येण्याची भीती इकडच्यापेक्षा मोठी आहे.

मी


१५ एप्रिल

चि. सूनबाईस,

तुझं पत्र आलं. या वेळी वर 'बाबांना' असं लिहिलं होतंस. ते वाचून मग मी चष्मा पुसला आणि पुढचं वाचलं.

तू लिहिलंस, "टाकी रुंदीला कमी करता येत नाही, पण उंचीला येते. पाणी अर्ध्या उंचीपर्यंतच ठेवलं तर घनफळ निम्मं होईल, म्हणजे जुन्या दोन टाक्यांइतकं. तेवढं त्या छतानं इतकी वर्षं पेललं आहे." मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "मग चळत अर्धी करा की." एवढं सोपं होतं. आणि मी आठवडाभर छताकडे बघत बसलो होतो.

आमच्या इथे पंप भाडेकरू पाळीपाळीनं लावतात. टाकी भरली की वरच्या तोटीतून पाणी नळीनं अंगणात पडतं, ते पडलं की पंप बंद. आता त्या रंगाच्या टाकीला मधल्या उंचीवर आणखी एक तोटी आहे. कारखान्यात मधूनच रंग काढून घ्यायला असणार. ती बुच मारून बंद केलेली होती. मी टेप लावली. सत्तर सेंटीमीटर. म्हणजे निम्म्यापेक्षा थोडी खालीच. लोखंडाच्या वजनाचा तेवढाच हातभार.

दुपारी लाँड्रीनं बरंचसं पाणी संपवल्यावर मी वर गेलो. टाकी बोटांनी वाजवत वाजवत खाली आलो. बद्द आवाज यायला लागला तो तोटीच्या खाली. मग बुच काढायला घेतलं. ते निघेना. पाना घसरत होता, आणि मला सारखं वाटत होतं की मी इथे जोर लावतोय आणि खाली हिच्या अंगावर पोपडे पडतायत. शेवटी ते निघालं. नळी या तोटीला जोडली आणि चोरासारखा खाली आलो. संध्याकाळी पंप लागला, अंगणात पाणी पडलं, पंप बंद झाला. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "वा, पंपानं भलताच जोर धरलाय!"

पण लाँड्रीला पाणी कमी पडायला लागलं. काल मालक आणि लाँड्रीवाल्या बाई दोघं तडक गच्चीवर गेले, तिथून आमच्याकडे.

"हा काय चोरटेपणा?" मालक दारातूनच ओरडले. "दुसऱ्याच्या टाकीला हात लावायचा?"

तुझा कागद खिशात होता, पण खिसा सापडेना.

"ओरडू नका," पलंगावरून ही म्हणाली. "छताला आवाज सहन होत नाही सध्या." मग माझ्याकडे वळून, "अहो, ते दोन डबे द्या इकडे. अरुंद आणि रुंद."

दोन गोल डबे आहेत आमच्याकडे, सारख्या उंचीचे, एक दुसऱ्याच्या दुप्पट रुंद. हिनं रुंद डबा परातीत ठेवला. अरुंद डबा पाण्यानं काठोकाठ भरून लाँड्रीवाल्या बाईंच्या हातात दिला. "ओता. मालक म्हणतात असे दोन मावतील."

बाईंनी एक ओतला, दुसरा ओतला.

"भरला?"

"कुठला! अर्धाच झालाय."

"डबा पोचलेला असेल," मालक म्हणाले.

"तुमच्या हातानं चाचपून बघा," ही म्हणाली.

त्यांनी चाचपला. बाईंनी तिसरा ओतला. चौथा ओतला, तेव्हा पाणी काठाशी आलं. मग बाईंनी पहिल्यांदाच वर बघितलं, आणि त्यांना भेग दिसली, आणि भेगेच्या दोन बाजूंना लोंबणारे पट्टीचे दोन तुकडे.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "माझं इस्त्रीचं टेबल कुठं आहे माहितीये? बरोबर ह्या पलंगाच्या खाली! मधे दोन मजले आहेत म्हणून काय, ते काय झेल घेणार आहेत?"

"इतक्या वर्षांचं छत आहे, काही होत नाही," मालक म्हणाले, पण दाराकडे सरकत म्हणाले.

"काही होत नाही ना? मग आजचा दिवस तुम्ही झोपा इथं," बाई म्हणाल्या. "मी माझी पिंपं अंगणात जमिनीवर ठेवीन. मला ते वरचं जास्तीचं पाणी नको."

मालक एकदा छताकडे बघत होते, एकदा हिच्याकडे. बरोबर तीच भेग हिच्या पावलांवर येते, हे त्यांनाही दिसलं असावं. म्हणाले, "तोटी राहू दे उघडी. मी माणूस आणून दाखवतो. पण काका, हे आधी सांगायचं होतंत."

आता कुठे माझ्या हाताला खिसा लागला.

"सांगितलं होतं," ही म्हणाली. "तेव्हा तुम्ही हसत होतात."

ते गेल्यावर मी नवी पट्टी चिकटवली. स्टूल हिनं पलंगावरून एका हातानं धरून ठेवलं.

तुझा,
बाबा


२४ एप्रिल

चि. सूनबाईस,

मालकांचा माणूस येऊन गेला. त्यानं हातोडीनं छत ठोकून ठोकून बघितलं. प्रत्येक ठोक्याला मी डोळे मिटत होतो. पाणी एवढंच ठेवा म्हणाला, मोठी टाकी उतरवायलाच लागेल म्हणाला, आणि तोवर म्हणून पलंगाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू उभे करून गेला. ही म्हणते, "बघा, खांबांचा पलंग! राणी झाले मी." टाकी कधी उतरवणार, ते मालक सांगत नाहीत. नुसतं "उतरवू" म्हणतात. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी त्यांचा पाळणा स्वयंपाकघरात हलवला आहे. मला काही बोलले नाहीत. कोबीचंही नाही.

तुझं कार्ड आज आलं. "शनिवारी येते. माझी टेप आणते. टाकी आणि छत मी स्वतः बघेन. तोवर गुंडी खाली अंगणात बसेल. आईंना सांगा." पाचच वाक्यं, आणि मी ती हिला इतक्या वेळा वाचून दाखवली की आता ही ती माझ्याआधी म्हणते.

खरं सांगू, आता टाकीपेक्षा मला शनिवारची धास्ती वाटते. तू मापं घेशील आणि माझं सत्तर चुकलेलं निघेल, टेप जुनी आहे, ताणली गेली असेल. पट्टी नेमकी शुक्रवारी फाटेल. तू भेग बघशील आणि दारातूनच परत फिरशील, गुंडीला घेऊन. तसं झालं तर मी अडवणार नाही. खोली सुरक्षित आहे असं मी तुला कागदावर लिहून देणार नाही. एकदा दिलं होतं, चौऱ्याण्णव हजार दोनशे म्हणून. आता एवढंच लिहितो की तोटी सत्तरवर उघडी आहे, त्या हिशेबानं पाणी दोन हजार एकशे अठ्ठ्याण्णव लिटर भरतं, आणि या वेळी मी त्रिज्येला त्रिज्येनंच गुणलं आहे. तपासून घे. पट्टी आज सकाळपर्यंत सलग आहे.

जिना तोच आहे, तिसऱ्या पायरीचा कोपरा तुटलेला आहे, तिथे भिंतीच्या बाजूनं ये.

आणि एक विनंती. तू छत बघायला येतेस, हे मला माहीत आहे. पण दार उघडून आत आलीस की लगेच वर बघू नकोस. ही सकाळपासून दाराकडे तोंड करून पडलेली असेल. खिडकीकडची कूस बदलून द्या, असं तिनं आत्ताच मला सांगून ठेवलं आहे.

बाबा